बिनगिलाव्याचा माणूस

मागच्या वर्षी काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या लॅबमध्ये आमच्या ग्रुपने एक बीम टाकला. शटरिंग उघडलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. खालच्या कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, खडी उघडी पडलेली, एका जागी तर सळई बाहेर डोकावत होती. व्हायब्रेटर नीट फिरवलाच नव्हता, कारण मेसची वेळ संपत आली होती. मग त्या संध्याकाळी आम्ही जे केलं, ते सिव्हिलच्या प्रत्येक बॅचने कधी ना कधी केलेलं आहे. सिमेंटची स्लरी कालवली, थापीने भोकं बुजवली आणि वरून ओलं गोणपाट घासलं. बीम कसा नव्या नवरीसारखा दिसायला लागला!

दुसऱ्या दिवशी सर आले. बीमवरून एकदाच हात फिरवला आणि विचारलं, की मेकअप कोणी केला? आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे. सर रागावले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले, की लायब्ररीत जाऊन ले कॉर्बुझिएचं पुस्तक काढा आणि त्याच्या भिंती बघा.

मी गेलो. भिंती बघायला गेलो आणि माणसातच अडकलो. आर्किटेक्चरच्या मुलांना हे नाव तोंडपाठ असतं, आपल्याला मात्र ते चंदिगढच्या एका ओळीपुरतं माहीत असतं. म्हणून मित्रांनो, हा लेख.

त्याचं खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या गावी. हे गाव घड्याळांचं. घराघरात घड्याळाचा कुठला ना कुठला भाग बनायचा. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर इनॅमल चढवायचे, आई पियानो शिकवायची, मोठा भाऊ व्हायोलिन वाजवायचा. इनॅमल म्हणजे काय? आजीच्या घरी निळ्या काठाची पांढरी टमरेलं असतात ना, तेच. धातूवर काचेची रंगीत पूड पसरायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत ती वितळवून पक्की चिकटवायची. हा इनॅमलचा धागा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पोरगं गावातल्या कलाशाळेत घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकलं. १९०२ साली तूरीनच्या प्रदर्शनात त्याने कोरलेल्या घड्याळाला मानपत्रसुद्धा मिळालं. पण डोळे कमजोर, आणि कोरीवकामात तर डोळे फोडूनच काम करावं लागतं. त्याच्या मास्तरांनी, शार्ल लेप्लातनिए यांनी, त्याला इमारतींकडे वळवलं. विशीच्या आतच त्याने गावात पहिलं घर बांधायला घेतलं. गंमत म्हणजे आर्किटेक्चरची रीतसर डिग्री त्याने कधीच घेतली नाही. एटीकेटीच्या काळजीत असलेल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये! डिग्री नव्हती, पण पायपीट प्रचंड होती. पॅरिसला ऑग्युस्त पेरे यांच्याकडे त्याने आर.सी.सी. शिकून घेतलं, बर्लिनजवळ पेटर बेरेन्स यांच्या ऑफिसात काम केलं आणि १९११ साली पाठीवर सामान टाकून इस्तंबूल, अथेन्सपर्यंत स्केचबुक भरत भटकून आला.

१९१४ साली त्याने एक साधं चित्र काढलं. तीन स्लॅब, सहा कॉलम, एक जिना. बस्स. त्याला त्याने दोम-इनो नाव दिलं. भार कॉलम घेणार, भिंतीवर काहीच भार नाही, त्यामुळे भिंत हवी तिथे ठेवा, नको तिथे काढा. आज कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या फ्रेम स्ट्रक्चरची गोष्ट आपण सेकंड इयरला शिकतो तेव्हा कंटाळतो. त्या काळात हे चित्र म्हणजे घराला गणितासारखं सुटसुटीत करून टाकणं होतं.

१९१७ साली तो कायमचा पॅरिसला आला. तिथे ओझाँफाँ नावाचा चित्रकार भेटला आणि त्याच्या नादाने हा पण चित्रं काढायला लागला. १९१८ साली पहिलं तैलचित्र झालं. त्याच सुमाराला त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. म्हणजे पुढची सगळी चित्रं, सगळ्या इमारती एका डोळ्याच्या जोरावर. १९२० साली दोघांनी एक नियतकालिक सुरू केलं. त्यात लिहायला त्याने टोपणनाव घेतलं, ले कॉर्बुझिए. नाव चिकटलं ते कायमचं.

इथून पुढे त्याचं टाइमटेबल ठरून गेलं. सकाळी घरी चित्रं, दुपारी ऑफिस. ऑफिस म्हणजे रू द सेव्रवरच्या जुन्या मठातला एक लांबलचक कॉरिडॉर. हे टाइमटेबल त्याने आयुष्यभर सांभाळलं. जग त्याला वास्तुविशारद म्हणून ओळखायचं, पण त्याच्या दिवसाचा पहिला हिस्सा रंगांचा होता. सकाळी कॅनव्हासवर जे सुचायचं ते हळूहळू दुपारच्या ड्रॉइंग बोर्डावर उतरायचं. त्याच्या इमारती समजून घ्यायच्या तर ही सकाळ विसरून चालत नाही.

पण सुरुवातीच्या इमारती पाहिल्या तर आश्चर्य वाटतं. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, जणू आताच कारखान्यातून आल्या. त्याला मोटारी, जहाजं, विमानं यांचं भारी वेड. घरसुद्धा यंत्रासारखं नेटकं चालावं असं त्याचं म्हणणं. पॅरिसजवळ प्वासीला १९२८ ते १९३१ मध्ये बांधलेला व्हिला साव्हॉय हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. बारीक खांबांवर तरंगणारा पांढरा डबा. फोटोत अप्रतिम! प्रत्यक्षात तो गळत होता. घराच्या मालकीणबाई पावसाळी दिवसांत पाणी कुठून कुठून येतं याची पत्रं लिहून लिहून थकल्या. यंत्रासारखं दिसणारं ते घर आतून वीट आणि काँक्रीटचं होतं आणि वरून नीट गिलावा करून रंगवलेलं होतं. म्हणजे तेव्हा तो स्वतःही गिलाव्याचाच माणूस होता, आमच्या ग्रुपसारखा.

बदल आधी चित्रांत झाला. बाटल्या, पेले, गिटार यांची मोजूनमापून मांडलेली चित्रं मागे पडली आणि कॅनव्हासवर शंख, हाडं, दोरखंड, समुद्रकाठचे गोटे आणि धिप्पाड बायका येऊ लागल्या. खडबडीत, ओबडधोबड, हाताला लागतील अशा गोष्टी. मग १९३५ च्या सुमाराला त्याच्या घरांतही न घडवलेला दगड दिसायला लागला. खरखरीतपणा त्याच्या हातात आधी ब्रशमधून आला, काँक्रीटमधून नंतर.

इथे मला थांबावं लागतं, कारण यापुढची दोन प्रकरणं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पहिलं प्रकरण एका घराचं. दक्षिण फ्रान्समध्ये रोकब्र्यून-काप-मार्तँ इथे समुद्राकाठी आयलीन ग्रे या डिझायनर बाईंनी १९२९ साली एक घर पूर्ण केलं, ई-१०२७. खिडकीच्या झडपेपासून कपाटाच्या खणापर्यंत सगळं त्यांनी स्वतः विचार करून बनवलेलं. पुढे त्या तिथून निघून गेल्या. १९३८ साली ले कॉर्बुझिए तिथे पाहुणा म्हणून राहायला गेला आणि त्यांना न विचारता भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवून बसला. ज्या बाईने भिंत शांत ठेवायची म्हणून जीव ओतला, तिच्या भिंतीवर. आयलीन ग्रे यांना याचा मनस्वी राग आला आणि तो कधी गेला नाही. आपल्या हॉस्टेलच्या खोलीत कोणी दुसऱ्याच्या शीटवर एक रेघ मारली तरी मारामारी होते. इथे तर अख्खं घर होतं.

दुसरं प्रकरण याहून वाईट. जर्मनीने फ्रान्स जिंकल्यावर विशी इथे नाझींशी जुळवून घेणारं सरकार आलं. १९४१-४२ मध्ये ले कॉर्बुझिए दीडेक वर्ष तिथे तळ ठोकून राहिला. शहरं नव्याने उभारायचं काम आपल्याला मिळावं म्हणून तो सत्तेच्या दारात बसला होता. हाती फारसं काही लागलं नाही, पण बसला होता हे खरं. त्या काळच्या त्याच्या खाजगी पत्रांत ज्यूंविरुद्ध शेरे आहेत, हिटलरकडून आशाही दिसते. काम मिळायला हवं, मग देणारा कोण याच्याशी घेणं-देणं नाही... ही वृत्ती इंजिनीयरला अनोळखी नाही, म्हणूनच ती वाचताना मला बोचली.

युद्ध संपलं. फ्रान्समध्ये लाखो माणसं बेघर. सरकारने त्याला मार्सेयमध्ये एक मोठी निवासी इमारत बांधायला सांगितली. १९४७ ला काम सुरू, १९५२ ला पूर्ण. ३३७ घरं, सुमारे १६०० माणसांची सोय, लांबी १३७ मीटरच्या आसपास, उंची ५६. मध्येच दुकानांची गल्ली, गच्चीवर मुलांची शाळा आणि उथळ तलाव. बाटल्यांच्या रॅकमध्ये बाटल्या सरकवाव्यात तशी एकेक घरं सांगाड्यात बसवलेली. आधी विचार लोखंडी सांगाड्याचा होता, पण युद्धानंतर पोलाद मिळेना. मग आलं काँक्रीट.

आणि काम कसं झालं? अगदी आपल्याकडे होतं तसं. ठेकेदार अनेक, कामगार नाना प्रकारचे, एकाची फळी सरळ तर दुसऱ्याची वाकडी. शटरिंग काढल्यावर कुठे फळ्यांच्या रेषा, लाकडाचे डोळे, कुठे दोन दिवसांच्या कामातला सांधा, कुठे कड फुटलेली. एवढ्या मोठ्या इमारतीला गिलावा करून हे सगळं झाकणं म्हणजे पुन्हा पैसा आणि वेळ. व्हिला साव्हॉयचा माणूस असता तर तो हादरला असता. पण हा आता रोज सकाळी शंख आणि हाडं रंगवणारा माणूस होता. त्याने ठरवलं, की हे असंच राहू दे. लाकडाच्या रेषा म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. ज्यांनी फळ्या ठोकल्या त्यांचे हात इमारतीवर दिसले तर बिघडलं काय? त्याने उलट त्या खरखरीत अंगावर मुद्दाम काम केलं. हात उंच केलेला १.८३ मीटर उंचीचा माणूस, त्याच्या मॉड्युलर या मापपद्धतीची खूण, लाकडी साचा घालून काँक्रीटमध्येच ओतून घेतला. बाल्कन्यांच्या आतल्या बाजू लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगवल्या. करडा खरखरीत सांगाडा आणि आत झळकणारे सपाट रंग! इमारत आणि चित्र यांच्यातली सीमाच पुसली गेली. मार्सेयचे लोक मात्र तिला वेड्याचं घर म्हणायचे.

अशा न झाकलेल्या काँक्रीटला फ्रेंचमध्ये बेतों ब्र्यूत म्हणतात, म्हणजे कच्चं काँक्रीट. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या तरुण वास्तुविशारदांनी आणि रेनर बॅनम या समीक्षकाने ब्रुटॅलिझम हा शब्द रुळवला, त्यामागे हा शब्दही होता. पुष्कळांना वाटतं ते नाव ब्रूटल, म्हणजे क्रूर यावरूनच आलं. मलाही तसंच वाटायचं.

या काळात त्याने हाताला लागेल त्या माध्यमात काम केलं. आज प्रदर्शनांत ज्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात ते हा माणूस इमारतीच्या मापात करत होता. जोझेफ साव्हिना या ब्रिटनीतल्या सुताराबरोबर त्याने १९४६ पासून लाकडी शिल्पं केली. चित्रं ह्याची, कोरीवकाम साव्हिनाचं, रंग पुन्हा ह्याचे. मग लोकरीच्या टेपेस्ट्री. त्याचं लॉजिक बघा. आजचा शहरी माणूस भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात हिंडतो, तो भिंतीवर चित्र रंगवून काय करणार? त्याने चित्राची भिंत गुंडाळून खांद्यावर न्यावी. दरवर्षी खोली बदलताना पोस्टर गुंडाळून नेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटेल.

रोंशाँच्या टेकडीवरची प्रार्थनामंदिराची इमारत १९५५ साली झाली. छताची कल्पना त्याला खेकड्याच्या कवचावरून सुचली. काँक्रीटचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये पोकळी. जुनं मंदिर युद्धात पडलं होतं, त्याचे दगड त्याने नव्या भिंतीत वापरले. जाड भिंतीतल्या छोट्यामोठ्या खिडक्यांच्या काचांवर स्वतः रंगवलं. आणि मोठ्या दाराचे पत्रे? इनॅमलचे! दोन्ही बाजूंनी त्याने स्वतः रंगवून भट्टीत भाजून घेतलेले. घड्याळाच्या तबकडीवरचं वडिलांचं काम मुलाने दाराएवढं मोठं केलं.

१९५८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याने फिलिप्स कंपनीसाठी मंडप केला. आत अंधारात चित्रं, रंगीत प्रकाश आणि एदगार व्हारेझचं इलेक्ट्रॉनिक संगीत, सगळं एकत्र, सुमारे आठ मिनिटं. बाहेरचा तंबूसारखा पीळदार आकार मात्र मुख्यतः यानिस झेनाकिस याचा. झेनाकिस त्याच्या ऑफिसातला सिव्हिल इंजिनीयर, म्हणजे आपल्यातलाच! हायपरबोलिक पॅराबोलॉइडचं गणित त्याने मांडलं, पण श्रेय द्यायला साहेबांनी खळखळ केली. पुढच्याच वर्षी झेनाकिस ऑफिस सोडून गेला आणि मोठा संगीतकार झाला.

आता आपल्या देशात येऊ. फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराच्या पहिल्या आराखड्यावर काम करणारे मॅथ्यू नोवित्स्की १९५० साली विमान अपघातात गेले. त्यानंतर चीफ इंजिनीयर पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर युरोपात माणूस शोधत फिरले आणि पॅरिसला येऊन पोचले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ले कॉर्बुझिए पहिल्यांदा चंदिगढच्या जागेवर आला. वर्षातून दोनदा यायचं असं ठरलं. बाकी वेळ चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि तरुण भारतीय वास्तुविशारदांनी काम रेटलं. पिएर तर पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिले.

इथे क्रेन जवळजवळ नाहीतच. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, गाढवं, बांबू-बल्ल्यांच्या पराती. अशा हातांनी हायकोर्ट, २५४ मीटर लांबीचं सचिवालय आणि विधानसभा उभी राहिली. विधानसभेच्या सभागृहावरचा हायपरबोलॉइड टॉवर तळाशी जवळपास ४० मीटर रुंद आणि कवचाची जाडी सरासरी १५ सेंटिमीटर! कल्पना पॉवर हाउसच्या कूलिंग टॉवरवरून घेतलेली. शटरिंगच्या आत लाकडी साचे ठोकून त्याने भिंतींत मासे, बैल, सूर्य, पानं, साप, चाकं असे ठसे उमटवले. काँक्रीट सेट झाल्यावर खोडता येत नाही. तेव्हा चित्र काढायचं तर उलटं, साच्यात, आणि तेही ओतायच्या आधी.

हायकोर्टात एक शुद्ध इंजिनीयरिंगची अडचण आली. काँक्रीटच्या खोलीत आवाज घुमतो. वकिलाचं म्हणणं न्यायाधीशाला ऐकू येईना तर न्याय कसला? उपाय म्हणून त्याने भिंतीवर लोकर लावली. आठ कोर्टरूमसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरच्या आणि मुख्य न्यायाधीशांच्या कोर्टासाठी १४४ चौरस मीटरच्या टेपेस्ट्री. डिझाइन त्याचं, विणकाम काश्मीरच्या कारागिरांचं. काही न्यायाधीशांना ही चित्रं मुळीच रुचली नाहीत आणि काही टेपेस्ट्री उतरवल्याही गेल्या. विधानसभेचं मोठं दार मात्र तसंच राहिलं. सुमारे साडेसात मीटर रुंद आणि तेवढंच उंच, दोन्ही बाजू मिळून इनॅमलचे ११० पत्रे, त्यावर सूर्याचा मार्ग, झाडं, जनावरं, नदी. करड्या काँक्रीटच्या तोंडावर असा रंग उसळलेला आहे की फोटो बघतानासुद्धा डोळे थांबतात.

महाराष्ट्राचा एक धागा इथे आहे. पुण्यात १९२७ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली पॅरिसला त्याच्या ऑफिसात दाखल झाले. पहिले आठ महिने पगाराविना. पुढे अहमदाबादच्या त्याच्या इमारतींवर त्यांनी देखरेख केली. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे दोशी पहिले भारतीय. २०२३ साली ते गेले.

चंदिगढचा एक हिशेब मात्र या पांढऱ्या कागदावरच्या आराखड्यात नव्हता. शहरासाठी अनेक गावं उठली, घरं पाडली गेली. त्या पाडलेल्या घरांच्या फुटक्या फरशा, कपबश्या, बांगड्या, टाकाऊ सामान गोळा करून नेकचंद या पी.डब्ल्यू.डी.च्या रोड इन्स्पेक्टरने कॅपिटॉलजवळच्याच जंगलात रात्री-बेरात्री गुपचूप एक जग उभं केलं. सरकारला पत्ता लागेपर्यंत वर्षं गेली होती. १९७६ साली ते रॉक गार्डन म्हणून खुलं झालं. जगातल्या मोठ्या वास्तुविशारदाच्या काँक्रीटशेजारी एका सरकारी कर्मचाऱ्याची ही मिक्स्ड मीडिया! मला तर वाटतं, हे दोन्ही सोबत बघितल्याशिवाय चंदिगढ अर्धंच दिसतं.

त्याचं स्वतःचं आवडतं घर मात्र एवढुसं होतं. रोकब्र्यूनच्या त्याच किनाऱ्यावर, आयलीन ग्रे यांच्या घराला लागून, १९५२ साली त्याने ३.६६ बाय ३.६६ मीटरची लाकडी खोली बांधली. आपल्या हॉस्टेलच्या रूमपेक्षा फार मोठी नाही. बायको ईव्हॉन १९५७ साली गेली. २७ ऑगस्ट १९६५ रोजी तिथल्याच समुद्रात पोहताना त्याला मृत्यूने गाठलं. वय ७७. पॅरिसमध्ये लूव्हरच्या चौकात सरकारी इतमामाने निरोप झाला, भारतातून गंगेचं पाणी गेलं होतं. दफन मात्र रोकब्र्यूनला, बायकोशेजारी, स्वतः डिझाइन केलेल्या छोट्या थडग्यात. थडगं काँक्रीटचं, आणि त्यावर नावाची पाटी... इनॅमलची. तबकडीपासून थडग्यापर्यंत, धागा पुरा झाला.

चंदिगढसाठी त्याने सुचवलेला उघडा हात त्याच्या हयातीत झालाच नाही. १९८५ साली उभारला. २६ मीटर उंच, वाऱ्याबरोबर फिरणारा. २०१६ साली युनेस्कोने त्याची १७ कामं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात चंदिगढचं कॅपिटॉलही आहे. ई-१०२७ मधली ती न विचारता काढलेली चित्रंही जपून ठेवली आहेत.

पुस्तक परत करताना मी सरांना विचारलं, की सर, मग आमच्या बीमला स्लरी न लावता तसाच ठेवला असता तर तो ब्रुटॅलिझम झाला असता का? सर हसले. म्हणाले, फळीचा ठसा वेगळा आणि हनीकोंब वेगळा. फळीचा ठसा हा फक्त दिसण्याचा प्रश्न. तो झाकायचा नाही, त्यात लाज नाही. हनीकोंबमध्ये सळईला कव्हर नसतं, पाणी शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस स्लॅब खाली येतो. तोही झाकायचा नाही, पण त्याला कला म्हणून मिरवायचंही नाही. खणून काढायचा, नीट भरायचा आणि रिपोर्टमध्ये लिहायचा.

त्यानंतर मला ले कॉर्बुझिएचं आयुष्य वाचता आलं. त्याचा हेकटपणा, वेडं वाटणारं धाडस, गळणारं छप्पर, हे फळ्यांचे ठसे. त्यावर हात फिरवताना आनंदच होतो. विशी आणि आयलीन ग्रे यांचं घर, हे हनीकोंब. चंदिगढचं दार कितीही झळाळलं तरी ते भरून निघत नाही. त्याचे भक्त त्यावर स्लरी मारतात आणि त्याचे शत्रू फक्त तेवढंच दाखवून सगळी इमारत पाडायला निघतात. ज्याने आपल्याला काँक्रीट उघडं बघायला शिकवलं, त्याला तरी आपण उघडंच बघायला नको का?

आमचा तो बीम अजून लॅबच्या मागे पडून आहे. आम्ही छिन्नी-हातोडा घेऊन स्लरी काढून टाकली. मग टेस्ट केला. लोड आला तो अपेक्षेपेक्षा कमीच आला. जर्नलमध्ये तोच आकडा लिहिला, खाली कारण लिहिलं. मार्क कमी पडले, पण सरांनी त्या पानावर सही करताना पेन जरा जास्तच दाबून चालवलं, असं आपलं मला वाटलं.